गच्चीवरील काठी आणि तबकडी

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पुण्याच्या घराची गच्ची दुरुस्त करण्याचा प्रसंग आला. कामास हात घालण्यापूर्वीं गवंड्यानें सर्वत्र नजर फिरविली आणि कोपऱ्यांतील एका गंजलेल्या लोखंडी नळीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सर, हा सांगाडा काढून टाकू का? नुसते कावळे बसतात त्याच्यावर." त्या नळीच्या शेंड्याला ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांची एक अँटेना आहे व तिचें तोंड नैर्ऋत्येस, म्हणजे सिंहगडाकडे आहे. समोरच्या कोपऱ्यांत कठड्याला एक दोन फुटांची तबकडी बसविलेली आहे. तिचें तोंड आग्नेयेस आहे. गवंड्याला मीं लगेच उत्तर दिलें नाहीं. एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या असलेल्या या दोन वस्तूंच्या मध्यें जवळजवळ अर्ध्या शतकाचा इतिहास सांठलेला आहे, हें त्या क्षणीं प्रथमच ध्यानांत आलें.

दूरचित्रवाणीचा इतिहास म्हणून जें कांहीं लिहिलें जातें, तें बहुधा प्रक्षेपण करणाऱ्यांचें चरित्र असतें. कोणतें केंद्र केव्हां उघडलें, उद्‌घाटन कोणाच्या हस्ते झालें, कोणती मालिका गाजली, याचीं टिपणें भरपूर आहेत. परंतु आकाशांतून येणारा संदेश आपल्या घरीं उतरवून घेण्यासाठीं सामान्य गृहस्थानें काय खटपट केली, त्याला त्यासाठीं कोणाची परवानगी लागली, आणि त्याचें मोल त्यानें कोणाला मोजलें, ही बाजू उपेक्षितच राहिली आहे. राजांच्या वंशावळी मुखोद्गत आणि रयतेचा सारा मात्र अज्ञात, अशी जी आपल्या इतिहासलेखनाची जुनी खोड, तिचाच हा एक नवा अवतार होय.

आरंभींच 'फुकट' या शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. हिंदुस्थानांत ध्वनिक्षेपणाचें व्यवस्थित काम २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें सुरू केलें. श्रोत्याला त्यासाठीं वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यावा लागे. पुढें १९३३ च्या कायद्यानें परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरला. ज्या लहरी कोणास न विचारतां आपल्या घराच्या भिंती भेदून जातात, त्या ऐकण्यास मात्र सरकारची संमति हवी! दूरचित्रवाणीनें हा वारसा जसाच्या तसा घेतला. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालें, तें आठवड्यांतून दोन दिवस व थोडाच वेळ होई. तें पाहावयाचें, तेंहि युनेस्कोच्या साहाय्यानें स्थापन झालेल्या प्रेक्षकमंडळांत एकत्र बसून. रोजचें प्रक्षेपण १९६५ सालीं सुरू झालें. मुंबईला हें भाग्य लाभण्यास २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला, आणि पुण्याला त्याच्या पुढील वर्षीं. घरांत संच आला कीं पोस्टांत जाऊन वार्षिक पन्नास रुपये भरावयाचे व परवान्याच्या पुस्तिकेंत नोंद करून घ्यावयाची. त्या काळीं मध्यमवर्गीय गृहस्थाला पन्नास रुपये ही कांहीं क्षुल्लक रक्कम नव्हती. हा परवाना १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर रद्द झाला. म्हणजे "पूर्वीं सारें कसें फुकट होतें" असें आपण ज्या काळाविषयीं हळहळून बोलतों, तो काळ आठवणींत वाटतो त्यापेक्षां पुष्कळच तोकडा आहे.

पुण्याला जें चित्र आलें तें सिंहगडावरून. मुंबईचें वरळीचें केंद्र जें प्रक्षेपित करी, तेंच उचलून सिंहगडावरील यंत्र पुन्हा आसमंतांत सोडी. दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशीं दृष्टीप्रमाणेंच सरळ रेषेंत जातात. मध्यें डोंगर आला कीं त्यांची गति खुंटते. म्हणून समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंचीचा, साऱ्या पुणें पठारावर नजर ठेवून असलेला हा गड या कामीं निवडला गेला. ज्या कारणासाठीं पूर्वींच्या राज्यकर्त्यांनीं तेथें तट बांधले, नेमक्या त्याच कारणासाठीं विसाव्या शतकांतील अभियंत्यांनीं तेथें मनोरा उभारला. जेथून गड दिसे, तेथें चित्र स्वच्छ येई. एखाद्या टेकडीच्या किंवा उंच इमारतीच्या आड राहणाऱ्यांना मात्र एकाच माणसाच्या दोन आकृती दिसत, कारण मूळ लहर आणि कुठल्यातरी भिंतीवर आपटून क्षणमात्र उशिरा आलेली तिची बहीण, अशा दोघीहि एकदमच घरांत शिरत. आम्ही तिला 'भूत' म्हणत असूं.

त्या काड्यांच्या अँटेनेची कुळकथा मनोरंजक आहे. ती १९२६ च्या सुमारास जपानांतील सेंडाई येथील विद्यापीठांत शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी या दोघांनीं सिद्ध केली. तिच्यांतील एकच काडी तारेनें संचाला जोडलेली असते. तिची लांबी लहरीच्या लांबीच्या निम्मी ठेवावी लागते. मागची किंचित लांब काडी आरशाचें काम करते आणि पुढच्या किंचित आंखूड काड्या लहरींना वाट दाखवितात. खुद्द जपानच्या सैन्याला या शोधाचें महत्त्व कळलें नव्हतें. सिंगापूर पडल्यावर तेथें ब्रिटिशांच्या कागदपत्रांत 'यागी' हा शब्द वारंवार आढळला, तेव्हां त्याचा अर्थ जपान्यांनीं एका युद्धकैद्याला विचारला. हें तर तुमच्याच प्राध्यापकाचें नांव, असें उत्तर मिळालें. प्राध्यापकांच्या कामाची घरीं होणारी कदर ही सर्व देशांत सारखीच असावी.

अँटेना वाऱ्यानें हलली कीं एकानें गच्चीवर चढून नळी फिरवावयाची, दुसऱ्यानें जिन्यांत उभें राहावयाचें आणि तिसऱ्यानें संचासमोर बसून "आलं... आलं... गेलं!" असें ओरडावयाचें, हा प्रयोग माझ्या पिढींतील कोणास सांगावयास नको. 'गजरा' सुरू होण्यापूर्वीं तो हटकून करावा लागे. शेजाऱ्यांची मुलें चटईवर बसत आणि त्यांच्या आज्जी 'आमची माती, आमची माणसं' संपेपर्यंत हलत नसत. पण एकदां अँटेना नीट बसली, कीं तिच्या आणि सिंहगडाच्या मध्यें तिसरें कोणी नव्हतें. तार आमची, नळी आमची, आणि हवा सर्वांची. पुढें जें घडलें त्याचें मर्म कळण्यासाठीं ही गोष्ट स्मरणांत ठेविली पाहिजे.

आतां तबकडीकडे वळूं. तिचा जन्म श्रीमंतांच्या बंगल्यांवर झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. निदान आपल्या देशापुरती ती चुकीची आहे. आपल्याकडे तबकडी प्रथम आली ती खेड्यांत. विक्रम साराभाई यांची कल्पना अशी होती कीं, शहरें आधीं व खेडीं मागाहून, हा नेहमींचा क्रम या एका बाबतींत तरी उलटावा. एकेक मनोरा उभारीत खेड्यापाड्यांपर्यंत पोंचावयास कित्येक दशकें लागतील. उपग्रह मात्र एकाच वेळीं साऱ्या देशावर संदेशाचा पाऊस पाडूं शकतो. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेशीं १९६९ मध्यें करार झाला. डिसेंबर १९७१ मध्यें साराभाई अकालीं निवर्तले. पण काम थांबलें नाहीं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असें एक संपूर्ण वर्ष अमेरिकेनें आपला एटीएस-६ हा उपग्रह आफ्रिकेच्या पूर्व भागावर आणून हिंदुस्थानच्या स्वाधीन केला. 'साइट' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगांत आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेडीं निवडलेलीं होतीं. सकाळीं शाळेच्या मुलांसाठीं दीड तास व संध्याकाळीं सर्वांसाठीं अडीच तास कार्यक्रम होत. महाराष्ट्राचें एकहि खेडें त्या यादींत नव्हतें. मात्र या प्रयोगाची व्यवस्थापकीय धुरा वाहणारे एकनाथ चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे. त्यांचें देहावसान शंभरी पूर्ण करून २०२५ सालीं झालें.

या प्रयोगाची तबकडी कशाची होती? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीची. तीन मीटर व्यासाचा सांगाडा करून त्यावर ती जाळी ताणून बसविली होती. हें कांहीं गरिबाचें जुगाड नव्हे. त्यामागें शुद्ध पदार्थविज्ञान होतें. एटीएस-६ वरून येणारी लहर ८६० मेगाहर्ट्‌झची, म्हणजे सुमारें पस्तीस सेंटिमीटर लांबीची होती. जाळीचीं भोकें लहरीच्या लांबीहून पुष्कळ लहान असलीं, कीं लहरीला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच भासते; उलट वाऱ्याला मात्र त्या भोकांतून वाट मिळते, आणि वजन व खर्च दोन्ही उतरतात. उपग्रहाची स्वतःची छत्री नऊ मीटरांहून मोठी असल्यामुळें तो जोरकस किरण खालीं सोडूं शके, व म्हणूनच खालच्या बाजूस एवढ्या साध्या साधनावर भागत असे. वरचें यंत्र जितकें बलवान, तितकें खालचें स्वस्त, हा उपग्रह-दूरचित्रवाणीच्या साऱ्या अर्थशास्त्राचा पाया होय. आजची दोन फुटी तबकडीहि त्याच पायावर उभी आहे.

हा संदेश खेड्यांसाठीं होता खरा. पण लहरींना पत्ता लिहिलेला नसतो. इंग्लंडांत शेफील्ड येथें स्टीव्ह बर्किल नांवाचा बीबीसीचा एक तरुण अभियंता राहत असे. १९७५ च्या अखेरीस त्यानें घरींच बनविलेली जाळीची लहानशी तबकडी उभारून हिंदुस्थानच्या खेडुतांसाठीं सोडलेलें चित्र आपल्या संचावर उतरविलें. तें चित्र क्षीण होतें, पण ओळखूं येण्याजोगें होतें. पृथ्वीभोंवतीं स्थिर भासणाऱ्या उपग्रहांतून संदेशवहन करावें ही कल्पना १९४५ च्या ऑक्टोबरांत 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांतून मांडणारे आर्थर क्लार्क त्या वेळीं कोलंबोस राहत होते. आपल्या अभियंत्यांनीं तेथें जाऊन त्यांच्या घरावर एक मोठी तबकडी उभारून दिली, आणि ज्यानें तीस वर्षांपूर्वीं कागदावर आकडे मांडले होते त्याच्याच दिवाणखान्यांत उपग्रहाचें चित्र आलें. गुरुदक्षिणेचा याहून सुंदर प्रकार आधुनिक काळांत माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

तिसरें घर अमेरिकेंतील. कॅलिफोर्नियांतील सॅन अँड्रियास येथें राहणारे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांनीं १९७६ सालीं आपल्या अंगणांत तबकडी उभारली. तेथें उपग्रहांवरून चित्रपट धाडले जात ते तारवाल्या कंपन्यांसाठीं; त्या कंपन्या ते घरोघर पोंचवून पैसे घेत. हॉवर्डसाहेबांनीं ते थेट आपल्या घरीं उतरविले. पण गृहस्थ पापभीरु! पाहिलेल्या चित्रपटांचें मोल म्हणून त्यांनीं एचबीओ या कंपनीला शंभर डॉलरांचा धनादेश पाठविला. कंपनीनें तो परत केला. आपण मोठ्या तार-कंपन्यांशींच व्यवहार करतों, एकेकट्या गृहस्थाशीं नाहीं, असें तिचें म्हणणें पडलें. त्या प्रसंगीं हंसूं येतें. परंतु तो हंसून सोडण्याजोगा नाहीं. एकटें घर हें गिऱ्हाईक होऊं शकतें, हेंच त्या वेळीं विकणाऱ्याच्या ध्यानांत आलें नव्हतें. ध्यानांत येतांच त्यांनीं काय केलें? अशा तबकड्यांची संख्या लाखांनीं वाढली, १९८४ च्या कायद्यानें उघडा संदेश घरीं पाहण्यास मुभाहि मिळाली, आणि १९८६ च्या जानेवारींत त्याच कंपनीनें आपल्या संदेशाला कायमचें कुलूप घातलें. आकाश उघडें राहिलें, पण त्यांतून येणारी वस्तु पेटींत बंद झाली.

आपल्याकडे या काळांत वेगळाच प्रवाह चालू होता. १९८२ मध्यें रंग आला, राष्ट्रीय कार्यक्रम आला, आशियाई खेळ आले. १९८३ मध्यें सोडलेल्या इन्सॅट-१ बी उपग्रहाच्या आधारानें १९८४ सालीं तर कांहीं महिने जवळजवळ रोज एक या वेगानें लहान लहान प्रक्षेपण केंद्रें उघडलीं गेलीं. जिल्ह्याजिल्ह्याच्या गांवीं काड्यांच्या अँटेनांचें रान माजलें. हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यावर अधिक लिहीत नाहीं.

खरें स्थित्यंतर घडलें तें १९९१ सालीं. आखाती युद्धाचीं चित्रें पंचतारांकित हॉटेलांतून दिसूं लागलीं, त्याच वर्षीं एशियासॅट-१ उपग्रहावरून स्टार कंपनीचे कार्यक्रम सुरू झाले, आणि २ ऑक्टोबर १९९२ पासून झी वाहिनी आली. कायद्यानें यांस ना परवानगी होती, ना बंदी. गल्लींतील एखाद्या उद्योगी तरुणानें आपल्या गच्चीवर मोठी तबकडी बसवावी आणि तिच्यांतून आलेल्या वाहिन्या झाडांवरून, विजेच्या खांबांवरून काळी तार नेऊन घरोघर द्याव्या, असा व्यवसाय एका वर्षांत शहरभर पसरला. घरोघरच्या गच्च्यांवरील अँटेना तेव्हांपासून निरुद्योगी झाल्या, कारण दूरदर्शनहि त्याच तारेंतून येऊं लागलें. सोय मोठी होती, हें मान्य केलें पाहिजे. नळी फिरविण्याचा ताप गेला. पण सिंहगड व आपलें घर यांच्या मध्यें पहिल्यांदाच एक तिसरा इसम येऊन उभा राहिला. महिन्याचे पैसे चुकले कीं तो तार कापी, आणि तिच्याबरोबर जें आपल्याला कोणी विकलेलेंच नव्हतें तें दूरदर्शनहि नाहींसें होई. आमच्याकडे असें एकदां झालें, तेव्हां जुनी तार पुन्हा संचाला जोडावी हें आम्हां कोणाच्याच मनांत आलें नाहीं. ती गच्चीवर होती, चालू होती, आणि तरीहि आम्ही दोन दिवस अंधारांत बसलों.

नेमक्या याच काळांत, ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें एक निकाल दिला. निमित्त होतें क्रिकेटचें: १९९३ च्या हीरो चषकाचें प्रक्षेपण कोणी करावें, यावरून सरकार व बंगालची क्रिकेट संघटना यांत वाद माजला होता. न्यायमूर्ति पी. बी. सावंत, एस. मोहन व बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठानें असें ठरविलें कीं, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारचीहि मक्तेदारी असूं नये, आणि तिचा उपयोग सार्वजनिक हिताच्या दृष्टीनें नियंत्रित व्हावा. न्यायमूर्ति सावंतांना पुढें निवृत्तींत पुण्यांतील सभांमधून अनेकांनीं ऐकलें आहे. या निकालाचा बोलबाला झाला तो सरकारची मक्तेदारी मोडली म्हणून. परंतु लहरी जर सर्वांच्या मालकीच्या, तर त्या ग्रहण करण्याचा साधा हक्क सर्वांना कसा राहील, हा त्याच वाक्याचा दुसरा अर्थ तितक्या उत्साहानें कोणीं वाचला नाहीं. पुढच्या दोनच वर्षांत, १९९७ मध्यें, घरच्या लहान तबकडीवर थेट संदेश घेण्यास सरकारनें बंदी घातली. ती २००० च्या नोव्हेंबरांत उठली. बंदी उठतांच अर्थातच विकणारे आले.

पण २००४ च्या डिसेंबरांत एक अनपेक्षित गोष्ट घडली. प्रसार भारतीनें 'डीडी डायरेक्ट प्लस' नांवाची सेवा सुरू केली: तबकडी व पेटी एकदां विकत घ्यावयाची, मासिक वर्गणी नाहीं, संदेशाला कुलूप नाहीं. आरंभीं तीस-बत्तीस वाहिन्या होत्या. २०१४ पासून तिला 'डीडी फ्री डिश' म्हणतात, आणि आज ती चार कोटींहून अधिक घरांत पोंचली असल्याचे अंदाज आहेत. साराभाईंच्या जाळीच्या तबकडीचा खरा वंशज शोधावयाचा तर तो येथें सांपडतो. फरक एवढाच कीं, तेव्हां साऱ्या गांवाला एक होती, आतां घराला एक आहे.

आमच्या कठड्यावर ती बसविण्यास आलेल्या कारागिरानें होकायंत्र पाहून तोंड आग्नेयेस वळविलें. उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या माथ्यावर, सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. पुण्याहून तो क्षितिजापासून जवळजवळ ५९ अंश वर येतो. पण तबकडी पाहावी तर ती शेजारच्या घराच्या दुसऱ्या मजल्याकडेच टक लावून बसल्यासारखी दिसते. मीं शंका काढली, कारागीर हंसला. ही तबकडी म्हणजे मोठ्या वाटीचा मधला नव्हे, कडेचा कापलेला तुकडा असतो, त्यामुळें ती पाहते त्यापेक्षां वीस-पंचवीस अंश वरचा संदेश ग्रहण करते. याची लहर अडीच सेंटिमीटरांच्या आसपास लांबीची असल्यानें कोंबड्यांची जाळी हिला चालत नाहीं, गुळगुळीत पत्राच हवा. आणि श्रावणांत नव्हे, पण आषाढाच्या मोठ्या सरींत चित्राचे चौकोनी तुकडे होऊन तें थिजतें, कारण एवढ्या आंखूड लहरीला पावसाचे थेंब शोषून टाकतात. सिंहगडाचें चित्र पावसानें कधीं गेल्याचें मला स्मरत नाहीं. वाऱ्यानें मात्र जाई.

ही फ्री डिश सर्वस्वीं निर्मळ दान आहे असें मात्र समजूं नये. तिच्यावरील जागा खासगी वाहिन्यांना लिलावानें विकली जाते, आणि बोली परवडेनाशी झाली कीं वाहिनी एका रात्रींत अदृश्य होते. प्रेक्षकाला विचारण्याचा प्रश्नच येत नाहीं, कारण त्यानें पैसे दिलेले नसतात. उलट बाजूनें एक चमत्कार पाहा. महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचें चित्र खासगी कंपन्यांनीं प्रसार भारतीला दिलेंच पाहिजे, असा कायदा २००७ सालीं झाला. २०१७ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ असा लाविला कीं, तें चित्र दूरदर्शननें आपल्या जमिनीवरील केंद्रांवरून व फ्री डिशवरून दाखवावें. खासगी तारवाल्यांमार्फत नव्हे. म्हणजे सामना चालू असतां दरमहा पैसे भरणाऱ्या घरांत दूरदर्शन लाविलें तर सामना नाहीं, आणि कांहींच न भरणाऱ्याच्या घरीं मात्र आहे! गच्चीवरील त्या विसरलेल्या अँटेनेला त्या निकालानें एक मान परत दिला होता.

परंतु तो फार दिवस टिकावयाचा नव्हता. दूरदर्शननें जुन्या पद्धतीचीं जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रें क्रमाक्रमानें बंद केलीं. सामरिक महत्त्वाचीं पन्नासेक सोडून बाकीचीं ३१ मार्च २०२२ पर्यंत आवरण्याचें त्यांनीं जाहीर केलें होतें. अंकीय पद्धतीचें नवें प्रक्षेपण २०१६ मध्यें सोळा शहरांतून सुरू झालें, त्यांत मुंबई व औरंगाबाद होतीं, पुणें नव्हतें. खर्च मोठा, पाहणारे थोडे, आणि फ्री डिश आहेच, हा अधिकाऱ्यांचा युक्तिवाद हिशेबाच्या दृष्टीनें अचूक आहे. मला त्यांत एकच उणीव दिसते. पाहणारे थोडे उरले ते अँटेना वाईट होती म्हणून नव्हे, तर तिच्या अस्तित्वाचीच आठवण कोणीं लोकांस करून दिली नाहीं म्हणून. इंग्लंडांत खासगी उपग्रहवाले येऊनहि घरच्या अँटेनेवर येणारें विनाशुल्क दूरचित्रवाणी-प्रक्षेपण अंकीय स्वरूपांत नव्यानें सजविलें गेलें, त्याची जाहिरात झाली, आणि तें कोट्यवधि घरांनीं वापरलें. आपल्याकडे आकाशाला दोन दारें होतीं. एक वापराअभावीं गंजलें आणि मग गंजलें आहे या कारणास्तव भिंत घालून बंद केलें गेलें. उरलेल्या दारावर आज कुलूप नाहीं. तें कोणाच्या हातांत आहे, एवढें मात्र विचारून ठेवलें पाहिजे, कारण तेथें एकच उपग्रह, एकच संस्था आणि एकच लिलाव आहे.

गवंडी उत्तराची वाट पाहत उभा होता. मीं त्याला सांगितलें कीं, नळी राहूं दे, नुसता तिच्या बुंध्याशीं नवा माल भर. त्यानें माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनें पाहिलें, पण सिमेंट कालवून दोन पाट्या ओतल्या आणि ओळंबा लावून नळी सरळ केली. सरळ करतांना अँटेनेचें तोंड थोडें खडकवासल्याकडे वळलें होतें. तें मीं शिडीवर चढून पुन्हा गडाकडे केलें.